लातूरची वाईन आणि निफाडचा वेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फ्रान्समध्ये एक लातूर आहे, असं मी गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पारावर हशा पिकला होता. पण आहे खरं. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद नदीकाठी पोयाक नावाचं गाव आहे आणि त्याच्या शिवारात 'शातो लातूर' हा द्राक्षमळा. त्यांच्या भाषेत 'तूर' म्हणजे बुरूज. आपल्या तुरीशी संबंध नाही. 2006 साली निफाड तालुक्यातले आम्ही काही बागायतदार तिकडे गेलो होतो, तेव्हा तो गोल बुरूज रस्त्यावरूनच पाहिला. किल्ल्याचा मूळ बुरूज केव्हाच नाहीसा झाला. आज दिसतो तो सतराव्या शतकातला, कबुतरांसाठी बांधलेला. आत जायचं आम्हाला ना बोलावणं होतं, ना तिथली बाटली घेण्याची ऐपत.

पण त्याच दुपारी एका लहान मळेवाल्यानं वीस वर्षांपूर्वीची लाल वाईन आमच्यापुढे ठेवली. रंग जांभळा नव्हे, जुन्या कौलासारखा. वास तंबाखूच्या पानाचा, कातड्याचा, थोडा ओल्या मातीचा. बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला. आमच्यातले एक वयस्कर बागायतदार घोट घेऊन म्हणाले, "ही तर मुरलीय." दुभाष्याला या शब्दाचं भाषांतर काही जमेना.

मुरायला आधी तुरटपणा लागतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, आवळ्यानं, हिरड्यानं आखडते, तीच चीज द्राक्षाच्या सालीत आणि बीत असते. हिरड्यानं कातडं कमावतात ते याच गुणामुळे. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून हा तुरटपणा आणि रंग दोन्ही रसात उतरतात. मग ओकच्या पिंपात आणि पुढे बाटलीत हे तुरट कण हळूहळू एकमेकांना धरतात, मोठे होतात, काही गाळ होऊन खाली बसतात. घशाला खरवडणारी वाईन मऊ होते. या सगळ्या काळात तिला सडू न देण्याचं काम आंबटपणा करतो. तो कमी असेल तर वाईन मुरत नाही, नुसती म्हातारी होते. जगातली बहुतेक वाईन दोनचार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते, हेही सांगून ठेवतो. जुनी ती चांगली, हा हिशेब तांदळाला ठीक आहे.

आता लातूरच्या वाईनला हे दोन्ही गुण मिळतात कुठून? 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी झाली, तेव्हा पहिल्या वर्गात जे चार मळे बसले त्यांत हा एक होता. घराभोवतीचा त्याचा जुना तुकडा सुमारे 47 हेक्टरांचा. माती कसली, नुसती खडी आणि वाळू, खाली चिकणमाती. पाणी ठरत नाही, मुळं खोल जातात. नदी जवळ, त्यामुळे कडाका फार बोचत नाही. वाण मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों. मणी बारीक, साल जाड. आपण खाण्याच्या द्राक्षाला जी.ए. देऊन मणी फुगवतो. वाईनवाल्याला तो फुगलेला मणी नको असतो, कारण त्यात पाणी जास्त आणि साल कमी.

पण मातीपेक्षाही मला तिथं वेगळीच गोष्ट जाणवली. तिथला वेल झोपतो. थंडी पडली की पानं गळतात आणि पुढचे चारपाच महिने वेल नुसता लाकूड होऊन उभा असतो. छाटणी वर्षातून एकदा. वसंतात फूट येते आणि घड पिकतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे हवा दिवसेंदिवस गार होत असताना. त्यामुळे गोडी भरते, पण आंबटपणा टिकून राहतो.

आमच्या वेलीला झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली की लगेच फूट, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी की पुन्हा फूट. थंडी निफाडला काही कमी पडत नाही; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतोच. पण त्या थंडीत आमचा वेल झोपलेला नसतो, मणी वाढवत असतो. मग मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्र रात्र शेकोट्या पेटवतो. आणि घड पिकतात फेब्रुवारी-मार्चला, ऊन चढत असताना. साखर झपाट्यानं भरते, आंबटपणा तितक्याच झपाट्यानं उतरतो आणि सालीतला तुरटपणा पुरता पिकलेला नसतो.

दुसरी गोष्ट पैशाची. बोर्दोचे मोठे मळे वाईन पिंपात असतानाच व्यापाऱ्यांना विकतात. 1993 पासून फ्रान्स्वा पिनो या उद्योगपतीच्या मालकीच्या लातूरनं 2012 साली ही पद्धत सोडली. पिण्याजोगी होईपर्यंत वाईन आपल्याच तळघरात ठेवायची आणि मग विकायची. दहा-दहा वर्षं! आमच्याकडे द्राक्ष फेब्रुवारीत निघतं आणि सोसायटीचा भरणा मार्चअखेर.

हे सगळं मला आधी कळायला हवं होतं. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाईन पार्क झालं आणि 2004 साली मी दोन एकर कॅबर्ने लावली. एका वायनरीशी करार होता. पहिली दोन पिकं बरी गेली. मग 2008 ची मंदी, त्यात नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप बसला. आमचे पैसे आधी हप्त्यानं येऊ लागले, मग हप्ताही थांबला. ही द्राक्षं बाजारात नेऊन विकावीत तर बारीक मणी, त्यात बिया, कोण घेणार? 2010 साली बाग तोडली आणि थॉमसन लावली. पाच-सहा वर्षांचे वेल होते. पोयाकमध्ये त्या वयाच्या वेलीला पोरच समजतात.

म्हणून इथं चांगली वाईन होत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या कुंदेवाडीलाच 'रेव्हिलो' नावानं वाईन करणाऱ्या मळ्यानं कॅबर्नेच्या जोडीला सिसिली बेटावरचे नेरो दाव्होला आणि ग्रिलो हे वाण लावले. सिसिली तापट मुलूख, तिथल्या वाणांना उन्हाची सवय. माझ्या मते हा रस्ता बरोबर आहे, आणि बोर्दोची नक्कल करण्यापेक्षा स्वस्तही.

माझ्या 2008 च्या पिकाची एक बाटली मात्र घरात राहिली होती, कोठीच्या अंधारात, आडवी. 2018 च्या डिसेंबरात निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, त्या रात्री बागेत शेकोट्या लावून थोरले भाऊ आणि मी बसलो होतो. बाटली तिथंच उघडली. बूच मोडलं, चाकूनं टोकरून काढलं. रंग अगदी त्या दुपारसारखा, जुन्या कौलाचा झाला होता. वास मनुक्यांचा, थोडा आंबूस. चवीत धार उरलेली नव्हती. भाऊंनी एक घोट घेतला, पेला शेकोटीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "पाच वर्षं आधी उघडली असतीस तर बरी लागली असती." तेवढ्यात लाईट आली आणि मी ठिबकचं पाणी सोडायला विहिरीकडे गेलो.