अठरा तास : घड्याळाचे आणि चित्ताचे

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत, तसेच भोवतालच्या तालुक्यांच्या गावी, विद्यार्थी सलग १८ तास अभ्यासाला बसतात. महाविद्यालयाचे ग्रंथालय असो, वसतिगृह असो वा विहाराला जोडलेली अभ्यासिका असो, सकाळी सुरू झालेली बैठक मध्यरात्रीच्या सुमारास उठते. मिरवणुकीइतकाच, किंबहुना तीहून अधिक, हा बाबासाहेबांना शोभणारा अभिवादनाचा प्रकार आहे असे आम्ही मानतो. ज्या समाजाला अक्षराची बंदी होती त्या समाजाची मुले पूर्ण दिवस ग्रंथासमोर बसतात, या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

परंतु एका दिवसाच्या या अभिवादनातून वर्षभराचे एक मापही रूढ होत चालले आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण एकमेकांना 'काय वाचलेस' असे न विचारता 'किती तास बसलास' असे विचारतात. पालकही तेच सांगतात. उलट, जो मुलगा वेचणीच्या दिवसांत आईबापांबरोबर कापसाच्या शेतात राबतो आणि रात्री कसेबसे दोन तास पुस्तक उघडतो, तो आपण स्पर्धेतून बाद झालो असे समजून खचतो. म्हणून तास म्हणजेच अभ्यास हे समीकरण तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. काळाची जाणीव, अवधान आणि अध्ययन यांविषयी मानसशास्त्राने व मेंदूविज्ञानाने गेल्या शतकाहून अधिक काळात जे प्रयोग केले, ते येथे उपयोगी पडतात.

प्रथम अवधानाचा विचार करू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातील रडारवर नजर ठेवणारे लोक काही वेळाने पडद्यावरील खुणा चुकवू लागत. केंब्रिजमधील नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचे कारण शोधण्यासाठी एक घड्याळच तयार केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन पावले उडी घेई. ती उडी दिसली की कळवावयाचे, एवढेच काम. अवधी दोन तासांचा. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका लक्षणीय वाढल्या. मधूनमधून विश्रांती दिली असता मात्र कामाचा दर्जा टिकून राहिला. माणसे आळशी नव्हती, जागीच होती, डोळे उघडे होते. तरी समोरचे दिसत नव्हते. अभ्यासिकेत दुपारी तीन वाजता, एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हात, पंख्याखाली एकच पान तिसऱ्यांदा वाचणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्याचे त्याला कळतेच की अभ्यास झाला की नाही. नेमके तेथेच आपले मन आपणास फसविते. काळ किती गेला याचा आपला अंदाज घड्याळावर नव्हे, तर अवधानावर आणि स्मृतीवर अवलंबून असतो. काळाकडेच लक्ष लागले की तो लांबतो. कामात गुंतलो की आखडतो. मागे वळून पाहताना मात्र उलट घडते : ज्या अवधीच्या आठवणी दाट, तो दीर्घ भासतो. अमेरिकेतील मेंदूवैज्ञानिक डेव्हिड ईगलमन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडण्यात आले. आपले पडणे इतरांच्या पडण्याहून सरासरी ३६ टक्के अधिक वेळ चालले असे त्यांनी नंतर सांगितले. परंतु मनगटावरील यंत्रात वेगाने पालटणारे अंक त्यांना एरवीपेक्षा अधिक स्पष्ट दिसले नव्हते. क्षण ताणला गेला नव्हता. त्याची आठवण दाट होती. दिवस लांब वाटला वा थकवा आला, यावरून किती शिकलो हे ठरत नाही.

मग ते कशावरून ठरते? जर्मन संशोधक हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करताना त्यांना आढळले की एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचे काम तीन दिवसांत विभागलेली ३८ आवर्तने करतात. जवळजवळ निम्म्या श्रमात तेच फळ! २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचावयास दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहावयास लावले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. दोन तासच हाती असलेल्या वेचणीच्या दिवसांतील मुलाने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

अवधान वाढविता येते काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा. डच मेंदूवैज्ञानिक हेलेन स्लाख्टर यांनी २००७ साली रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध केलेला अभ्यास सति आणि क्षण या दोहोंना स्पर्श करतो. पडद्यावर अक्षरे भराभर येतात, त्यांत दोन अंक लपलेले असतात. दुसरा अंक पहिल्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आला तर बहुधा दिसतच नाही, कारण चित्त पहिल्यालाच चिकटून राहिलेले असते. तीन महिने विपश्यनेचा सघन अभ्यास केलेल्या १७ साधकांना हा दुसरा अंक अधिक वेळा दिसू लागला, आणि पहिल्या अंकावर त्यांच्या मेंदूची कमी शक्ती खर्च होत होती. म्हणजे अवधान म्हणजे घट्ट धरणे नव्हे. वेळेवर सोडणेही त्यात आले. तथापि साधकांची संख्या थोडी होती आणि ते स्वेच्छेने आलेले होते. 'विज्ञानाने धम्म सिद्ध केला' अशा घोषणा त्यावरून करू नयेत. या, पाहा, पडताळा असे म्हणणाऱ्या धम्माला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.

सोण कोळिविसाची कथा येथे आठवते. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले, तरी चित्त मुक्त होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तारा अति ताणल्या वा अति सैल सोडल्या तर वीणा वाजते काय, असे भगवंतांनी त्याला विचारले. उद्योग सोडून दे असे ते म्हणाले नाहीत. वीर्य सम राख, असे सांगितले.

आणि बाबासाहेब? लंडनला ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडल्यापासून मिटेपर्यंत बसत हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र बाहेर पडताना त्यांचे खिसे टिपणांनी भरलेले असत, हा तपशील आपण गाळतो. ते केवळ बसत नव्हते. निवडत होते, लिहीत होते. त्याआधीची परळच्या चाळीतील गोष्ट तर आम्हांस अधिक बोलकी वाटते. खोली एकच, माणसे पुष्कळ. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. मुलाची झोप त्या बापाने आपल्या झोपेतून काढून दिली. १९२४ साली जेन्किन्स व डॅलेनबाख यांनी झोपेनंतर पाठांतर अधिक टिकते असे प्रयोगाने दाखविले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

१४ एप्रिलची बैठक मोडावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिची घडी मात्र थोडी बदलता येईल. दर तासाला दहा मिनिटे उठावे, पाणी प्यावे, आवारात चालावे. प्रत्येक विषय संपल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे. आणि त्याच मुलांना २१ एप्रिलला अभ्यासिकेत पुन्हा एक तास बोलवावे, कामावर जाणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून संध्याकाळी. त्या तासात नवीन काही वाचावयाचे नाही. आठवड्यापूर्वीचे काय उरले ते लिहून काढावयाचे. कागदावर गुण देऊ नयेत, नावही नको. तो ज्याचा त्याने घरी न्यावा.