वाइल्डकॅट काडतूस
ज्याचे कारखान्यात उत्पादन होत नाही व ज्याची मापे कोणत्याही प्रमाण संस्थेने निश्चित केलेली नाहीत, अशा रायफलीच्या काडतुसाला ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. प्रचलित काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान अरुंद वा रुंद करून किंवा तिच्या खांद्याचा आकार बदलून ते बनवितात. अमेरिकेतील हौशी नेमबाज व बंदूक-कारागीर यांच्यात ही पद्धत विशेष रूढ आहे. उदा., .३०–०६ काडतुसाच्या पुंगळीची मान सु. ६·५ मिमी. व्यासाच्या गोळीसाठी आवळून .२५–०६ हे काडतूस तयार झाले; १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केल्यावर ते प्रमाणित झाले.

वाइल्डकॅट काडतुसासाठी दारूच्या भाराची कसोटीस उतरलेली कोष्टके बहुधा नसतात. त्यामुळे पुंगळीची धारकता, गोळीचे वजन व दारूचा ज्वलनवेग विचारात घेऊन कमी भारापासून प्रारंभ करतात व तो अल्प प्रमाणात वाढवीत नेतात. भार वाढेल त्याच प्रमाणात दाब वाढत नाही. कमाल मर्यादेजवळ तो अधिक झपाट्याने चढतो. बोल्ट उघडण्यास जड जाणे, आघात-टोपी चपटी होणे ही अतिदाबाची चिन्हे होत. परंतु ती पुष्कळदा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. त्यांचा अभाव हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. म्हणून गोळीचा वेगही मोजतात. तो अपेक्षेपेक्षा अधिक भरल्यास दाब वाढला असे मानून भार घटवितात. दाबाचे खात्रीलायक मापन दाबविद्युत् संवेदक बसविलेल्या चाचणी-नळीतच होते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक आहे.