फर्मेंटरचे झाकण उघडत नसेल तर

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात घरी बिअर करणारे बहुधा २५-३० लिटरचा प्लॅस्टिकचा फर्मेंटर वापरतात. त्याचे फिरकीचे झाकण अडकण्याची मुख्य कारणे तीन: झाकण गरजेपेक्षा जास्त आवळलेले असते, आट्यांत उतू आलेला गोड फेस वाळून चिकटतो किंवा आत निर्वात ओढ तयार होते. २० अंशांवरचा फर्मेंटर २ अंशांपर्यंत थंड केला की वरची हवा सुमारे ६ टक्के आकसते, शिवाय थंड बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. बाहेरची हवा मग झाकण दाबून धरते.

म्हणून आधी एअरलॉक, म्हणजे झाकणावरची वायू बाहेर सोडणारी झडप, काढा. आत ओढ असो की दाब, दोन्ही सुटतात. मग गरम पाण्यात पिळलेले फडके झाकणाच्या कडेभोवती दोन-तीन मिनिटे गुंडाळा. साखर विरघळते, झाकण किंचित प्रसरण पावते. रबरी हातमोजे घालून सावकाश फिरवा. तरीही हलले नाही तर पट्ट्याचा पाना लावा. सुरी मात्र खुपसू नका. प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांत जंतू दडतात आणि पुढचा घाणा आंबट होतो.

पुढच्या वेळी झाकणाच्या वायसरला खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीस लावा आणि झाकण हातानेच, बेताने आवळा.