ओसरी, दिवाणखाना, हॉल: मराठी घरातल्या बैठकीच्या मांडणीचा मागोवा

मराठी घरातल्या बैठकीच्या जागेचा आकार कित्येक पिढ्या लाकडाने ठरवला. वाड्याची मोजणी खणांत होत असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच ते सहा फुटांचा. वरच्या मजल्याचे ओझे पेलणारी सागवानी तुळई जेवढी लांब मिळे, तेवढीच खोली रुंद करता येई. त्यामुळे ओसरी, सोपा, माजघर या जागा चौकाभोवती लांबट पट्ट्यांसारख्या पसरल्या. रुंदी एक-दोन खणांची, लांबी मात्र पाच-सात खणांची. अशा पट्टीत मधोमध काही ठेवले की येण्याजाण्याची वाट अडते. म्हणून बसण्याची सोय भिंतीलगत झाली आणि मधली जमीन मोकळी राहिली. पुढच्या दोनशे वर्षांत बैठकीच्या मांडणीत जे जे बदल झाले, ते या मधल्या जमिनीवर कोणी आणि कशासाठी ताबा मिळवला, यावरून नीट कळतात.

पेशवाईच्या अखेरच्या काळातला पुण्याचा विश्रामबागवाडा, किंवा त्याच्या आगेमागे सरदार-सावकारांनी बांधलेले वाडे पाहिले की दिवाणखान्याची रीत ध्यानात येते. सुरूच्या आकाराच्या खांबांच्या रांगा आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी खोलीचे आपोआप तीन भाग पाडतात: मधली रुंद जागा आणि दोन्ही बाजूंना अरुंद पट्टे. यजमानाची गादी शक्यतो आखूड भिंतीशी, तक्क्या-लोडांसह. बाकीची मंडळी मानाप्रमाणे लांब बाजूंना. मध्ये जाजम, त्यावर पानाचे तबक. सामान असे जवळजवळ नाहीच, कारण ठेवण्याची सगळी सोय भिंतींच्या जाडीत केलेली असे. कोनाडे, फडताळे आणि खुंट्या जमिनीवरची इंचभरही जागा खात नसत. बसणाऱ्याची नजर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, म्हणून खिडक्यांचे उंबरेही खाली. साध्या घरात गादीच्या जागी घोंगडी किंवा सतरंजी येई, पण तत्त्व तेच. बैठक अंथरायची आणि काम झाले की गुंडाळायची. एकच सोपा दिवसा कचेरी, दुपारी जेवणाची पंगत आणि रात्री झोपण्याची जागा होऊ शकला तो त्यामुळेच.

कोकणात हीच भूमिका ओटीने बजावली. तिथे एकच जड वस्तू कायमची असे, ती म्हणजे झोपाळा. विदर्भात त्याला बंगई म्हणतात. झोपाळ्याला पुढे-मागे झुलायला जागा लागते, त्यामुळे तो ओटीच्या एका टोकाला आणि वाटेपासून बाजूला टांगला जाई. पाहुण्यांची सतरंजी दुसऱ्या टोकाला. गोव्यातल्या मोठ्या ख्रिस्ती घरांत मांडणीचे कारण वेगळे होते. चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वास्तूत नृत्यासाठी स्वतंत्र दालन आहे. अशा दालनात खुर्च्या भिंतीकडेला ओळीने मांडल्या जात, कारण नाचायला मधली जागा मोकळी हवी.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवी फर्निचरचा एक घाट घडवला. तो ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ओळखला जातो. भरगच्च कोरीवकाम केलेल्या खुर्च्या, कोच आणि गोल मेज हे सामान आधी युरोपियन आणि पारशी घरांत, मग सधन मराठी घरांत आले. दिवाणखान्यात पहिल्यांदाच एक वस्तू मधोमध उभी राहिली आणि बाकीच्या तिच्याभोवती जमल्या. बैठक लगेच गेली नाही. वकील-डॉक्टरांच्या घरी एका बाजूला खुर्च्या-टेबल आणि दुसऱ्या बाजूला गादी-तक्के अशी दुहेरी व्यवस्था बराच काळ चालली. खुर्चीचा सर्वांत खोल परिणाम मात्र उंचीवर झाला. बसणाऱ्याची नजर फूट-दीड फुटाने वर गेली, तसे भिंतीवरचे सगळे वर सरकले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. त्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे घरोघरी लागली ती खुर्चीत बसणाऱ्याच्या नजरेच्याही वर, छताजवळ, पुढे किंचित झुकवून. कोनाड्याचे महत्त्व कमी झाले आणि भिंत ही टांगण्याची जागा झाली.

चाळीने हा सगळा थाट एका खोलीत आणून सोडला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभ्या राहिल्या. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच बैठक, स्वयंपाक आणि झोपणे. या खोलीची मांडणी मराठी माणसाच्या घरगुती कल्पकतेचा मोठा नमुना आहे आणि तिची नोंद वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत व्हावी तेवढी झालेली नाही.

दार सामायिक बोळात किंवा गॅलरीत उघडणारे, समोरच्या भिंतीत खिडकी, खिडकीकडच्या अंगाला मोरी आणि ओटा. दारापासून मोरीपर्यंतची वाट अडवता येत नाही, म्हणून सगळे सामान एका लांब भिंतीला. लोखंडी खाट दाराजवळ, तिच्याखाली ट्रंका, पायथ्याशी गुंडाळलेल्या वळकट्या. दिवसा ती खाट म्हणजेच सोफा. पाहुणा आला की घडीची खुर्ची खिळ्यावरून उतरायची आणि तो गेला की परत खिळ्यावर. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढे हे कपाट चाळीत पोहोचले तेव्हा त्याने भिंतीचे काम केले. साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद कपाट आडवे उभे केले की पुढची ‘बाहेरची खोली’ आणि मागचे स्वयंपाकघर वेगळे होई. कपाटाची पाठ पुढे आलेली दिसू नये म्हणून तिच्यावर कापड किंवा कॅलेंडर. छत उंच असेल तर मागच्या भागावर माळा, तिथे भांडी आणि वर्षाचे धान्य. रात्री मधल्या जमिनीवर अंथरुणे पडत आणि उरलेली माणसे गॅलरीत झोपत. एवढ्या छोट्या खोलीत लग्न ठरले, बाळंतपणे झाली, गणपती बसले. मधली जमीन दिवसातून अनेकदा काम बदलत असे, म्हणूनच ते साधले.

दादर, शिवाजी पार्क, माटुंगा भागात १९३० च्या दशकात ‘ब्लॉक’ आले. संडास-न्हाणी घरातच आणि बैठकीला वेगळी खोली ही मध्यमवर्गासाठी मोठी गोष्ट होती. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. नवे घर कसे सजवावे, कोणती खुर्ची कुठे असावी, हे प्रदर्शनात जाऊन पाहायचे असते ही कल्पना तेव्हा शहरात रुजली. आर्ट डेको धाटणीच्या या खोल्यांत गोलाई असलेले सोफे, मध्ये टीपॉय, कोपऱ्यात रेडिओ. काँक्रीटच्या तुळईमुळे खोली रुंद करता आली, तिचा आकार चौरसाकडे झुकला. चौरस खोलीत समोरासमोर आणि काटकोनात बसता येते, बोलण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. गप्पांसाठी इतकी चांगली खोली मराठी घराला त्याआधीही फारशी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही.

१९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुणे पेठांबाहेर पसरले. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांसाठी कायदा झाला. १९७० मध्ये सिडको आणि १९७७ मध्ये म्हाडा आली. या काळात रूढ झालेला आकार म्हणजे साधारण १० बाय १५ फुटांचा हॉल. त्याची अडचण लांबी-रुंदीपेक्षा दारांत आहे. मुख्य दार, स्वयंपाकघराचे दार, बेडरूमचे दार, बाल्कनीचे दार. संडास-बाथरूमचा बोळही बहुधा हॉलमधूनच निघतो. सलग अशी एकच लांब भिंत उरते, आणि सोफा तिथेच जातो.

मग रुंदीचा हिशेब सुरू होतो. त्या काळचा लाकडी हातांचा, फोमच्या गाद्यांचा सोफा पाठीपासून कडेपर्यंत सव्वादोन फुटांचा. समोरच्या भिंतीला दीड फुटाची शोकेस. सोफ्यापासून टीपॉयपर्यंत पायांसाठी दीड फूट, टीपॉय पावणेदोन फुटांचा. दहा फुटांतून हे सात फूट गेले की चालायला तीन फूट राहतात, आणि एका माणसाला आरामात जायला अडीच-तीन फूट लागतात. म्हणजे हिशेब जमतो, पण अगदी काठावर. ‘तीन-एक-एक’च्या सेटमधल्या दोन सुट्या खुर्च्या हॉलच्या दोन टोकांना ढकलल्या जात आणि त्यांत बसलेली माणसे बोलण्यातून बाहेर पडत. काही घरांनी या सेटऐवजी एका आखूड भिंतीला दिवाण ठेवला. बसायला, दुपारी आडवे व्हायला, रात्री पाहुण्याला झोपायला आणि खालच्या पेटीत रजया-गाद्या ठेवायला, अशी चार कामे तो एकटा करतो. लहान हॉलसाठी मराठी सुताराने याहून शहाणी वस्तू बनवलेली नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि हॉलला नवा केंद्रबिंदू मिळाला. लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा, वर क्रोशाचा रुमाल पांघरलेला टीव्ही कोपऱ्यात तिरका बसे, कारण लांबट हॉलमध्ये सर्वांना दिसेल अशी जागा तेवढीच. समोरासमोरच्या खुर्च्या हळूहळू एका दिशेला वळल्या. १९८२ नंतर रंगीत टीव्ही पसरला, १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले. रविवारी सकाळी शेजारपाजारची मंडळी आली की टीपॉय भिंतीला लागे, सतरंजी अंथरली जाई आणि मधली जमीन पुन्हा माणसांनी भरे. पुढे प्रत्येक घरात टीव्ही आला आणि ही गर्दी थांबली. खुर्च्या मात्र वळल्या त्या वळल्याच.

१९९० नंतर प्लायवूड आणि सनमायकाने सुताराचे काम सोपे केले. भिंत ते भिंत युनिट, कोपऱ्यात बसवलेला एल-सोफा, खाली उतरवलेले छत हा थाट झाला. याच सुमारास वास्तूचा सल्लाही हॉलमध्ये शिरला आणि जड सामान नैर्ऋत्येला ठेवण्यासाठी अनेक घरांनी उजेडाची किंवा वाऱ्याची बाजू अडवली. बाल्कनी आत घेण्याची लाटही तेव्हाचीच. त्यातून हॉल लांबला, पण वर तुळई आणि खाली फरशीतली पायरी राहिल्याने जोडलेला तुकडा एकजीव झाला नाही. तिथे सोफा ओढत नेण्यापेक्षा दोन वेताच्या खुर्च्या किंवा अभ्यासाचे टेबल ठेवणारी घरे जास्त सुखी झाली. सपाट टीव्ही भिंतीवर गेला तेव्हा शोकेसचे दीड फूट वाचले असते. पण तोवर सोफाच तीन फुटांचा गुबगुबीत झाला, आणि टीव्हीखाली नवे युनिटही आले. १० फुटांच्या हॉलमध्ये आज टीपॉयशेजारून तिरके होऊन जावे लागते, ते यामुळे. २०१७ पासून महारेराखाली चटई क्षेत्रफळ सांगूनच सदनिका विकावी लागते, त्यामुळे खरेदीदाराला निदान खरी जागा कळू लागली. नकाशावर काढलेला सोफा मात्र त्याने टेपने मोजून पाहायला हवा.

आकारांनी एवढ्या वर्षांत काय शिकवले, ते स्पष्ट आहे. लांबट हॉल सलग मांडू नये. त्याचे दोन भाग करावेत, एकात बसणे आणि दुसऱ्यात जेवणाचे किंवा कामाचे टेबल, आणि वाट एकाच कडेने न्यावी. चौरस खोलीत टीव्हीला एकच भिंत देऊन बाकी दोन बाजू काटकोनात मांडाव्यात. एल-आकाराच्या हॉलमध्ये आखूड बाजू जेवणाला सोडावी आणि कोपऱ्याच्या वळणावर काही ठेवू नये, कारण सर्वांत जास्त ये-जा तिथूनच होते. मोठ्या बंगल्याच्या हॉलमध्ये उलट चूक होते. सगळे सामान भिंतींना चिकटवले तर समोरासमोरच्या माणसांत बारा-पंधरा फुटांचे अंतर पडते. तिथे सोफे भिंतीपासून सोडवून आत ओढणे योग्य, आठ फुटांच्या आत बोलणे सहज होते.

या सगळ्या मांडण्यांची परीक्षा दर भाद्रपदात होते. गणपतीच्या आदल्या दिवशी हॉलमधला सोफा बेडरूममध्ये किंवा जिन्याच्या वळणावर जातो, टीपॉय उलटा करून माळ्यावर, आणि मखरासमोर आरतीला वीस-पंचवीस माणसे उभी राहतील एवढी जागा होते. गौरी आल्या की आणखी. चैत्रातल्या हळदीकुंकवालाही तेच. भिंतीत ठोकलेले युनिट आणि दारातून बाहेर न निघणारा एल-सोफा असलेल्या घरांत गणपती कोपऱ्यात आखडून बसतो. २०२० च्या टाळेबंदीत हीच घरे जास्त अडचणीत आली. ऑफिस, शाळा आणि व्यायाम एकाच हॉलमध्ये आले, तेव्हा सरकवता येणारे सामान ज्यांच्याकडे होते त्यांचे निभावले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातून पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून आलेल्या या कुटुंबांना दुकानातला मोठा सोफा घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्यांचा तो हक्कही आहे. पण एवढ्या सदनिकेच्या हॉलला सव्वादोन-अडीच फुटांहून रुंद सोफा मानवत नाही. एका भिंतीला पेटीचा दिवाण, दोन हलक्या खुर्च्या आणि घडी होणारे टेबल एवढे सामान तिथे पुरते.