चित्तविकृतीच्या उपचारातील गटखेळ

चित्तविकृतीच्या उपचारातील गटखेळ म्हणजे छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) व तत्सम गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या लहान गटाकडून, प्रशिक्षित संचालकाच्या देखरेखीखाली आणि निश्चित उपचारविषयक हेतूने खेळून घेतलेले खेळ होत. ते औषधोपचाराला पूरक असतात, पर्याय नव्हेत. रुग्णालयातील रिकामा वेळ घालवण्यासाठी मांडलेला पत्त्यांचा डाव आणि उपचारात्मक खेळ बाहेरून सारखेच दिसू शकतात. मात्र उपचारात्मक खेळात कोणता खेळ, कोणासाठी, किती वेळ आणि कशासाठी हे आधी ठरलेले असते, आणि खेळ संपल्यावर त्यावर गटात बोलले जाते.

== पार्श्वभूमी ==

वास्तवाशी असलेला संबंध सुटणे हे चित्तविकृतीचे मुख्य लक्षण आहे. कोणी नसताना आवाज ऐकू येणे (भास), कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पुराव्याविना दृढ झालेली समजूत (संभ्रम) आणि विस्कळीत बोलणे यांना धन लक्षणे म्हणतात. बोलणे कमी होणे, चेहऱ्यावरील भाव मावळणे, काही करण्याची इच्छाच न उरणे व लोकांपासून दूर राहणे ही ऋण लक्षणे होत. यांखेरीज लक्ष, स्मृती आणि विचारांचा वेग यांवरही परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० व्यक्तींमागे एकीला, छिन्नमनस्कता होती.

१९५२ नंतर क्लोरप्रोमाझिन व त्या जातीची औषधे वापरात आली आणि धन लक्षणे पुष्कळ अंशी आटोक्यात येऊ लागली. ऋण लक्षणांवर या औषधांचा प्रभाव तुलनेने फारच कमी पडतो. आवाज थांबलेला, पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा माणूस घरच्यांना ‘बरा’ वाटत नाही, आणि त्यांचे काही चुकत नाही. गटखेळांचा विचार मुख्यतः या उरलेल्या प्रश्नासाठी होतो.

== इतिहास ==

मनोरुग्णांना साखळदंडाऐवजी काम, करमणूक आणि माणसांची सोबत द्यावी हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रुजला. विल्यम ट्यूक यांनी इंग्लंडमध्ये १७९६ साली सुरू केलेले ‘यॉर्क रिट्रीट’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. खेळ तेथे दिनक्रमाचा भाग होता, उपचारपद्धती नव्हे.

खेळकर अभिनयाला उपचाराचे रूप दिले ते व्हिएन्नात कार्य सुरू करून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी. त्यांच्या ‘मनोनाट्य’ पद्धतीत रुग्ण स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग संहितेविना इतरांसह उभा करतो. दुसरा प्रवाह शिकागोच्या ‘हल हाउस’ या सेवाभावी केंद्रातून आला. तेथे नेव्हा बॉइड यांच्याकडे गटखेळांचे शिक्षण घेतलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यखेळांची पद्धत विकसित केली. ते खेळ नटांसाठी होते, पण आरशातल्या प्रतिबिंबासारख्या हालचाली करणे किंवा काल्पनिक वस्तू हातोहात देणे यांसारखे त्यांतले साधे प्रकार पुढे नाट्योपचारात सर्रास वापरले जाऊ लागले.

चित्तविकृतीच्या रुग्णांसाठी गटाची रचनाच वेगळी हवी हे स्पष्टपणे मांडले ते अर्विन यालोम यांनी. रुग्णालयातील गटोपचारावरच्या १९८३ सालच्या ग्रंथात त्यांनी अतिशय विस्कळीत अवस्थेतील रुग्णांसाठी सुमारे पाऊण तासाच्या, ठरीव आराखड्याच्या सत्राचे वर्णन केले आहे. नेहमीच्या गटोपचारात संचालक मुद्दाम गप्प राहतो आणि गटातील ताण वाढू देतो. आधीच गोंधळलेल्या माणसाला ही शांतता असह्य होते. म्हणून यालोम यांनी संचालकाला बोलका व आधार देणारा बनवले आणि सत्रात छोट्या कृती व ताण हलका करणारे खेळ आणले.

== खेळाचा उपयोग कसा होतो ==

छिन्नमनस्कता असलेल्या व्यक्तीला आनंदच होत नाही, असा समज दीर्घकाळ होता. डेव्हिड गार्ड, अ‍ॅन क्रिंग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने त्याला महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. प्रत्यक्ष क्षणी मिळणारा आनंद बऱ्याच अंशी शाबूत असतो. उणीव असते ती पुढे मिळणाऱ्या आनंदाच्या अपेक्षेत. ‘खेळायला येता का?’ या प्रश्नाला मिळणारा नकार म्हणूनच फसवा असू शकतो. नको म्हणणारी व्यक्ती दहा मिनिटांनी हसत असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नकोच म्हणते. बोलावणे न कंटाळता, पण जबरदस्ती न करता, रोज करावे लागते.

दुसरे कारण अपयशाच्या धास्तीचे आहे. ‘प्रयत्न करून उपयोग नाही, मला जमणारच नाही’ अशा पराभूत समजुती आणि ऋण लक्षणे यांचा संबंध पॉल ग्रँट व एरन बेक यांनी २००९ मध्ये दाखवला. खेळातील चूक स्वस्त असते. चेंडू हातातून निसटला तर तो पुन्हा फेकला जातो, इतकेच. लहानशा यशाचा अनुभव साठत गेला तर त्या समजुतीला तडा जाण्याची शक्यता असते. मात्र खेळ हार-जितीचा असेल तर हेच साधन उलटते आणि हरणारा स्वतःबद्दलच्या मताचा आणखी एक पुरावा घेऊन उठतो.

याशिवाय खेळ गटाला समान लक्ष्य देतो. एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलणे ज्यांना जड जाते, ते दोघे एकाच चेंडूकडे पाहू शकतात.

== सत्राचे स्वरूप ==

यालोम यांच्या आराखड्यात प्रथम ओळख व सूचना, मग हलकासा आरंभ, त्यानंतर वीस ते तीस मिनिटांच्या एक-दोन मुख्य कृती आणि शेवटी सत्राचा आढावा असा क्रम आहे. आरंभी वर्तुळात उभे राहून ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचे नाव घेणे यासारखा खेळ पुरतो. त्यात नावे कळतात, लक्ष एकवटते आणि प्रत्येकाची पाळी येते. शेवटच्या आढाव्यात ‘आज कोणी कोणाला मदत केली?’ असे साधे प्रश्न विचारले जातात. खेळातील वागण्याचा मानसशास्त्रीय अर्थ तेथे लावत बसत नाहीत.

== खेळांची निवड ==

निरुपद्रवी वाटणारे कित्येक खेळ येथे अपायकारक ठरू शकतात. एकाच्या कानात कुजबुजून निरोप पुढे पाठवण्याचा ‘कानगोष्टी’ हा खेळ, लोक आपल्याविषयी कुजबुजतात असे वाटणाऱ्या व्यक्तीसमोर तिची भीतीच मूर्त करतो. आंधळी कोशिंबिरीत डोळे बांधले जातात. ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये पाठीमागे गुपचूप काहीतरी टाकले जाते. चिठ्ठ्यांतून ‘चोर’ ओळखण्याच्या खेळाबद्दल वेगळे सांगायला नको. एकेकाला बाद करणारे खेळ माणसाला पुन्हा कोपऱ्यात नेऊन बसवतात. स्पर्शाचे खेळ संमतीशिवाय घेत नाहीत. मोठ्याने झालेला हशा आपल्यालाच उद्देशून आहे असे एखाद्याला वाटू शकते, म्हणून कशाला हसलो ते संचालक लगेच मोठ्याने सांगतो.

औषधांचे दुष्परिणामही लक्षात घ्यावे लागतात. हात थरथरत असताना कॅरमचा नेम साधत नाही, आणि तो दोष खेळाडूचा नसतो. स्नायू ताठरल्यास किंवा गुंगी असल्यास धावण्याचे खेळ धोक्याचे असतात. काहींना औषधामुळे एका जागी बसवतच नाही. त्यांना उठून फेरी मारून परत येण्याची मोकळीक द्यावी लागते. सापशिडीत सगळे फाशांवर असल्याने कौशल्यातील तफावत झाकली जाते, पण एकमेकांशी बोलण्याची गरज जवळजवळ उरत नाही. गाण्यांच्या भेंड्यांमध्ये जुनी स्मृती, पाळी व सहकार्य या तिन्ही गोष्टी येतात. दोन बाजूंच्या गुणांची मोजदाद तेवढी टाळलेली बरी.

तीव्र आवेगाच्या काळात, अत्यंत संशयी किंवा प्रक्षुब्ध अवस्थेत, व्यक्तीला गटात आणत नाहीत.

== विचारप्रक्रियेवर आधारलेले खेळ ==

काही पद्धतींत खेळाचे लक्ष्य थेट विचार करण्याची रीत हे असते. बर्न येथे हान्स ब्रेनर, फोल्कर रोडर व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एकात्मिक मानसोपचारात आकार, रंग, अंक अशा गुणांनुसार पत्ते लावण्याच्या सरावापासून सुरुवात होते आणि गट टप्प्याटप्प्याने सामाजिक अडचणी सोडवण्यापर्यंत जातो. हॅम्बुर्गच्या स्टेफन मोरिट्झ व टॉड वुडवर्ड यांच्या अधिबोधात्मक प्रशिक्षणात एखादे चित्र थोडे थोडे उलगडत जाते आणि ते कशाचे आहे हे गट ओळखतो. घाईने दिलेले उत्तर बहुधा चुकते. अपुऱ्या माहितीवर पक्का निष्कर्ष काढण्याची घाई संभ्रमाच्या मुळाशी असू शकते, हे कोणाच्याही संभ्रमाला हात न लावता तेथे दिसून येते.

अमेरिकेत डेव्हिड पेन व सहकाऱ्यांच्या सामाजिक आकलन प्रशिक्षणात याच हेतूने वीस प्रश्नांचा खेळ वापरतात. स्वित्झर्लंडमधील ‘मायकेलचा खेळ’ पत्त्यांचा आहे. मायकेल नावाचे पात्र एखाद्या प्रसंगावरून झटपट निष्कर्ष काढते आणि गटाने त्याच प्रसंगाची दुसरी संभाव्य स्पष्टीकरणे शोधायची असतात. आरंभीचे प्रसंग निरुपद्रवी असतात, नंतरचे चित्तविकृतीच्या अनुभवाजवळ जातात. चूक मायकेलची असल्याने ती दाखवणे कोणालाच जड जात नाही.

== पुरावा आणि मर्यादा ==

या क्षेत्रातील उत्साहाच्या मानाने पुरावा तोकडा आहे. छिन्नमनस्कतेवरील नाट्योपचाराच्या २००७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात एकूण २१० सहभागी असलेले केवळ पाच अभ्यास बसले आणि त्यांवरून निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. ब्रिटनमधील ‘मॅटिस’ या ४१७ जणांच्या चाचणीत गटाने घेतलेला कलोपचार, पटावरचे खेळ, चर्चा इत्यादींचा समावेश असलेले उपक्रम-गट आणि केवळ नेहमीचे उपचार यांची तुलना झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनंतर एकूण कार्यक्षमतेत कलोपचाराचा लाभ दिसला नाही. उपक्रम-गटात नेमलेले जवळजवळ निम्मे लोक तर एकाही सत्राला आले नाहीत. ज्या अनिच्छेवर उपाय करायचा तीच उपचाराच्या दाराशी आडवी येते, हा या चाचणीतून पुढे आलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अधिबोधात्मक प्रशिक्षणाचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०२२ मधील व्यापक आढाव्यात त्याचा संभ्रमांवर अनुकूल परिणाम आढळला.

== भारतातील स्थिती ==

भारतात असे उपक्रम मुख्यतः व्यवसायोपचार विभागांत, दिवसा चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रांत व स्वमदत गटांत चालतात. चेन्नईची स्कार्फ ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था छिन्नमनस्कतेच्या पुनर्वसनात अग्रगण्य मानली जाते. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांमुळे आजारी व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द मराठीत परिचित झाले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत राहणाऱ्या व्यक्तीला विरंगुळा व करमणुकीच्या वाजवी सुविधा मिळण्याचा हक्क आहे.