न्यूयॉर्क ते इंदापूर : किती तास?

इंदापूर-बारामतीकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की अमेरिकेतल्या मुलासाठी कुठवर थांबायचं, हा प्रश्न येतो. न्यूयॉर्क-मुंबई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तानावरून असावीशी वाटते. मी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो आइसलंड, नॉर्वेवरून आला! प्रत्यक्षात विमानं थोडी वळसा घेतात. येताना उंचावरचा पश्चिमवारा पाठीशी, म्हणून थेट विमानाला १४-१५ तास. जाताना तोच तोंडावर, तास-दीड तास जास्त. शिवाय आपलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे. रविवारी रात्री ८ ला तिथून निघालेला मुलगा सोमवारी रात्री ८ च्या सुमारास मुंबईत उतरतो. पुढे मोटारीने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. बर्फाची पेटी मंगळवार पहाटेपर्यंतची सांगावी.