मरायला नकार देणाऱ्या पेशी

मुरुम गावच्या शिवारात उसाआधी काही जण ताग पेरतात. फुलोऱ्यावर आला की मातीत गाडायचा, जमिनीला नत्र मिळतं. तागाच्याच कुळातली क्रोटालेरिया स्पेक्टॅबिलिस मात्र घातकी निघाली. अमेरिकेत तीही हिरवळीच्या खतासाठीच पेरली गेली आणि गुरंढोरं, कोंबड्या दगावू लागल्या.

१९६७ साली के, हॅरिस आणि हीथ या तिघांनी तिच्या बिया उंदरांना खाऊ घातल्या. उंदरांच्या फुफ्फुसातल्या धमन्या जाडावल्या, हृदयाचा उजवा कप्पा फुगला. माणसातला एक दुर्धर आजार प्रयोगशाळेत उभा राहिला होता: फुफ्फुसधमन्यांचा उच्च रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा नव्हे, त्या पट्ट्याला याचा पत्ताच लागत नाही. जिना चढताना धाप लागते, तरुण बाईला लागली तर घरचे रक्त कमी झालं म्हणतात, आणि तोवर उजवं हृदय थकत जातं.

औषधं होती, पण आवळलेल्या धमन्या सैल करणारी. २००५ साली अमेरिकेत सिल्डेनाफिललाही या आजारासाठी परवानगी मिळाली, तेही त्याच पठडीतलं. खरी अडचण धमनीच्या भिंतीत होती. तिथल्या स्नायुपेशी वाढत होत्या आणि वेळ झाली तरी मरत नव्हत्या.

त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मॅकमर्ट्री, आर्चर, मिकेलाकिस आणि सहकाऱ्यांनी या चिवटपणामागचा एक हात पकडला. येल विद्यापीठातल्या आल्टिएरींच्या गटाने १९९७ मध्ये सर्व्हायव्हिन हे पेशींचं मरण रोखणारं प्रथिन शोधलं होतं. गर्भात आणि कर्करोगात ते मुबलक असतं, प्रौढ निरोगी ऊतींत जवळजवळ नाहीच. तेच सहा रुग्णांच्या फुफ्फुसधमन्यांत सापडलं. आजार नसलेल्या तिघांत नव्हतं.

एवढ्यावर कुणी थांबलं असतं. चोर घटनास्थळी दिसला म्हणून चोरी त्यानेच केली असं होत नाही. मग क्रोटालेरियातलंच विष मोनोक्रोटालिन देऊन आजारी केलेल्या उंदरांना विषाणूवर स्वार केलेलं बिघडवलेलं सर्व्हायव्हिन-जनुक श्वासावाटे दिलं. खोटं प्रथिन खऱ्याला काम करू देईना. मायटोकॉन्ड्रियांनी मृत्यूचा निरोप धाडला, भिंतीतल्या पेशी मरू लागल्या, धमन्यांतला अडथळा उतरला आणि उंदरांचं आयुष्य २५ टक्क्यांनी वाढलं. धड जनुक दिलं तेव्हा नेमकं उलटं घडलं. मला या शोधाचा कणा या उलटतपासणीतच दिसतो.

तरीही हा उपचार दवाखान्यात आलेला नाही. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी मेल्या, तर आजाराची सुरुवातच त्यातून होते असं मानलं जातं. स्नायुपेशी मराव्यात, अस्तर जगावं, ही निवड फार नाजूक. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सोटाटरसेप्ट जाडावलेल्या भिंतीलाच हात घालतं, पण सर्व्हायव्हिनला नव्हे, वाढीच्या ॲक्टिव्हिन संदेशांना रोखून. ते दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली टोचतात.